सोळा बाय दहाचा पत्रा

“एक फूट,” इलाही मिस्त्री म्हणाला.

“तीन,” बाळकू नाना म्हणाले.

“तीन? नाना, आपल्याला नाव करायची हाय, हौद न्हाय.”

“आन् एक फूट म्हंजी परात झाली. पीठ मळायचंय का तीत?”

मी चहाचे पेले घेऊन उभी होते आणि पेले घ्यायला कुणालाच सवड नव्हती. दोघांच्या मधोमध जमिनीवर एक लोखंडी पत्रा पसरला होता. सोळा फूट लांब, दहा फूट रुंद. धरणाचं काम चालू असताना त्यावर सिमेंट कालवायचे म्हणे. काम संपलं, माणसं गेली, पाणी चढत चढत वर आलं आणि पत्रा आमच्या सावरटेकच्या काठावर राहून गेला. तेव्हापासून त्यावर गावाची नाचणी वाळत होती. आता त्याची नाव होणार होती.

कशी, ते सोपं होतं. पत्र्याच्या चारी कोपऱ्यांतून सारखे चौकोन कापून टाकायचे. उरलेल्या कडा तापवून, ठोकून वर उचलायच्या आणि कोपरे गॅसने जोडून टाकायचे. वरून उघडी, खोक्यासारखी नाव. उसाच्या मुलखात पूर आला की माणसं गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडतात, तसलाच प्रकार, फक्त चौकोनी. अडलं होतं ते एवढ्यावर, की कोपऱ्यातला चौकोन केवढा कापायचा. मिस्त्री म्हणत होता एक फुटाचा, म्हणजे भिंती फूटभर उंच होतील आणि बूड ऐसपैस राहील. नाना म्हणत होते तीन फुटांचा, म्हणजे भिंती कमरेपर्यंत येतील आणि पाणी आत यायचं नाव घेणार नाही.

मिस्त्री मेढ्याचा. लोखंड त्याच्या हातात लोण्यासारखं वागतं असं सगळं खोरं म्हणायचं. नाना तर धरण भरल्यापासून या पाण्यावर होडी मारत होते. त्याआधी ते याच पाण्याखालच्या जमिनीत नांगर धरायचे. कुणाचं खरं मानायचं?

“पत्रा एकच हाय,” आत्याबाई म्हणाल्या. “एकदा कापला की कापला. आधी भांडून घ्या, मग हत्यार लावा.”

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. पत्र्याच्या काठाला उकिडव्या बसून त्या दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. ही सगळी उठाठेव त्यांचीच होती.

गावातले बहुतेक बापय मुंबईला. माझे हेही गोदीत कामाला होते. आत्याबाईंनी सणाला आलेल्या एकेकाला धरून असा काही पिच्छा पुरवला, की शेवटी मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने गावाला एक पिठाची गिरणी पाठवली. जुनी, पण डिझेल इंजिनासकट. दिवाळीनंतर ट्रकवाल्याने ती पलीकडच्या बंदरावर, लाँच लागते तिथे, उतरवली आणि तिथेच घोडं अडलं. आमच्या गावाला रस्ता नव्हता. होतं ते पाणी. लाँचवाल्याने गिरणीकडे एकदा बघितलं आणि दोन्ही हात जोडले. नानांच्या होडीत इंजिनाचं चाकही मावलं नसतं. तेव्हापासून गिरणी ताडपत्रीखाली पडून होती आणि बंदरावरच्या हॉटेलवाल्याच्या कोंबड्या तिच्या आडोशाला अंडी घालत होत्या.

इकडे आम्ही रोज पहाटे जातं ओढत होतो. शिमगा झाला की पाणी उतरायला लागतं, काठाला मांडीभर गाळ उघडा पडतो, मग त्यातून शेळीही चालत नाही. त्याआधी गिरणी आली तर आली.

शिमग्याला माझा भाऊही मला न्यायला येणार होता. त्याच्या पुढचं मी गावात कुणाला सांगितलं नव्हतं.

मी सातारची. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष झालं, परीक्षेत बरे मार्क पडले आणि त्याच महिन्यात स्थळ आलं. मुलगा मुंबईला, एकुलता एक, स्वभावाने गरीब. वडील म्हणाले, असं स्थळ परत येणार नाही. सावरटेकला आल्यावर मला काय काय येत नाही हे आठवड्याभरात गावाला पाठ झालं. मला शेण गोळा करता येईना, लावणीत माझी ओळ वाकडी जाई, आणि जात्याचा खुंटा धरला की घटकाभरात तळहाताला फोड. आत्याबाई काही बोलायच्या नाहीत. माझ्या हातावर हात ठेवून त्याच जातं फिरवायच्या. त्याने मला जास्तच कसंतरी व्हायचं.

तर त्या सकाळी मी पेले घेऊन उभी होते आणि त्या दोघांचं ऐकता ऐकता माझ्या डोक्यात कुठंतरी खडू फळ्यावर वाजला. समजा, चौकोनाची बाजू क्ष. लांबी सोळा होती, तिच्या दोन्ही टोकांना क्ष गेला. राहिली सोळा वजा दोन क्ष. रुंदी दहा वजा दोन क्ष. उंची क्ष. तिन्हींचा गुणाकार केला की नावेचं पोट निघालं.

मी पेले खाली ठेवले, चुलीतला कोळसा आणला आणि पत्र्याच्या एका कडेला बसून मांडायला लागले. क्षच्या जागी एक. चौदा गुणिले आठ गुणिले एक. एकशे बारा. क्षच्या जागी तीन. दहा गुणिले चार गुणिले तीन. एकशे वीस.

“नानांची नाव मोठी होईल,” मी म्हणाले.

भांडण थांबलं. सुनेने मध्ये तोंड घातलं म्हणून थांबलं, पण थांबलं.

“काय म्हणालीस?” आत्याबाईंनी विचारलं.

“मिस्त्रींच्या नावेत एकशे बारा घनफूट मावेल. नानांच्या नावेत एकशे वीस.”

“बघा!” नानांनी मांडीवर थाप मारली. “शिकल्याली पोर हाय ती!”

“पत्रा त्योच,” मिस्त्री म्हणाला. “खोकं कमीजास्त कसं हुईल, वहिनी? लोखंड का वाढणार हाय?”

त्याचं म्हणणं कुणालाही पटावं असंच होतं. मलाही क्षणभर पटलं. मी पुन्हा कोळशाच्या आकड्यांकडे बघितलं. एकला एकशे बारा, तीनला एकशे वीस. मग मधे काय? क्षच्या जागी दोन घातले. बारा गुणिले सहा गुणिले दोन.

एकशे चव्वेचाळीस.

चुकलं असेल म्हणून परत केलं. तेवढंच आलं. दीड घालून बघितलं, अडीच घालून बघितलं. दीडला एकशे साडेछत्तीस, अडीचला एकशे साडेसदतीस. दोनच्या अलीकडे कमी, पलीकडेही कमी. डोंगराचा माथा असतो तसा दोनचा आकडा मधोमध उभा होता. वर्षभरात असलं काही मला दिसलं नव्हतं. मी एकटीच हसायला लागले.

“आता काय झालं?” आत्याबाई म्हणाल्या.

“दोघांचीही नको,” मी म्हणाले. “दोन फूट कापा. दोघांपेक्षा मोठी होते.”

मिस्त्रीने नानांकडे बघितलं, नानांनी मिस्त्रीकडे. सकाळपासून पहिल्यांदा त्यांचं कशावर तरी एकमत झालं होतं.

“आसं कुटं असतंय व्हय?” दोघं मिळून म्हणाले.

आता बोलून भागणार नव्हतं. मी घरात गेले. लग्नातल्या उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा फडताळावर होता. चांगल्या जाड कागदाच्या पत्रिका, वडिलांनी हौसेने जास्त छापल्या होत्या. तीन पत्रिका काढल्या आणि शाळेतल्या गुरुजींची पट्टी मागून आणून प्रत्येक पत्रिका सोळा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटर कापली. म्हणजे फुटाच्या जागी सेंटिमीटर, बाकी हिशोब तोच. पहिलीचे कोपरे एक सेंटिमीटरचे कापले, दुसरीचे दोन, तिसरीचे तीन. कडा वर उचलल्या, सांध्यांवर कागदाच्या पट्ट्या भाताच्या खळीने चिकटवल्या आणि खोकी उन्हात ठेवली.

वाळेपर्यंत बातमी गावभर झाली. नवी सून लग्नाच्या पत्रिका कापतेय म्हटल्यावर कोण घरात बसेल? अंगणात बायकांची ही गर्दी.

मधलं खोकं मी नाचणीने काठोकाठ भरलं. हाताने वरून सपाट केलं.

“ही दोन फुटांची नाव. आता ही नाचणी मिस्त्रींच्या नावेत ओतते.”

एक सेंटिमीटरचं खोकं पसरट, दिसायला मोठं. मी ओतत गेले. ते भरलं, वर शीग आली, शीग घसरली आणि नाचणी चारी बाजूंनी अंगणात सांडली. बायका ओरडल्या. जिच्या कोंबड्या होत्या ती कोंबड्यांना हाकलायला धावली, कारण त्यांनाही हा प्रयोग आवडला होता. मग मधलं खोकं पुन्हा भरलं आणि नानांच्या उंच खोक्यात ओतलं. तेही भरून सांडलं.

“अगं बया,” मागून कुणीतरी म्हणालं. “तीच पत्रिका की गं ही. तेवढीच.”

“मला करू दे,” आत्याबाई पुढे आल्या. त्यांना माझा हात हलका वाटला असावा. त्यांनी स्वतः भरलं, स्वतः ओतलं. सांडली. परत केलं. परत सांडली. मग त्यांनी तिन्ही खोकी हातात घेऊन उलटसुलट बघितली. आत काही लपवलेलं नाही याची खात्री झाल्यावर त्या इतक्या मोठ्याने हसल्या, की मी त्यांच्याकडे बघतच राहिले. वर्षभरात मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं.

नानांना मात्र अजून पटलं नव्हतं. “नाचणी झाली,” ते म्हणाले. “पण पाण्याला नाचणीचं काय?”

त्यांनी घंगाळ पाण्याने भरून घेतलं आणि त्यात आपलं तीन सेंटिमीटरचं खोकं सोडलं. अंगणातला एक खडा उचलून त्यात टाकला. खोकं एका अंगाला झुकलं आणि डुबकन लवंडलं. नानांनी डोकं खाजवलं.

“बूड चिंचोळं हाय,” ते म्हणाले. “उंच भिंती आन् चिंचोळं बूड. ही उलटणारच. आता मला कसं सुचलं न्हाय हे? पन्नास डाव बघितलंय पाण्यात.” मग त्यांनी मधलं खोकं सोडलं, त्यात तोच खडा टाकला. खोकं जरा हललं आणि तरंगत राहिलं. नानांनी त्यात आणखी दोन खडे टाकले. मग मिस्त्रीचं पसरट खोकं सोडलं, तेही तरंगलं. पण नानांनी बोटाने पाणी जरा हलवलं मात्र, लाट काठावरून आत शिरली.

“कापा दोन फूट,” नाना म्हणाले.

मिस्त्रीने खिशातून खडू काढला आणि माझ्या हातात दिला. “वहिनी, खुणा तुमीच करा. मी कापतो.”

खडू हातात घेतला, पण लगेच रेघ ओढली नाही. कागद फाटला तर दुसरी पत्रिका होती. पत्रा एकच होता. मी पहिल्या कोपऱ्यापासून दोन फूट मोजले, परत मोजले, मिस्त्रीला मोजायला लावलं, नानांच्या वितीनेही मोजून घेतलं. चारी कोपरे झाले. मिस्त्रीने गॅस पेटवला. निळी ज्योत पत्र्याला लागली आणि पहिली ठिणगी उडाली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा कोपरा खणकन खाली पडला होता आणि त्या चौकोनावर एक बाई आधीच हक्क सांगत होती, तिला चुलीपुढे टाकायला हवा होता.

पुढचे काही दिवस काठावर नुसता ठणठणाट. कडा तापवायच्या, घणाने ठोकायच्या, पुन्हा तापवायच्या. बायका पाण्याला येता-जाता थांबायच्या आणि मिस्त्रीला सल्ले द्यायच्या. तो सगळ्यांना “व्हय, मावशी” म्हणायचा आणि आपल्याला हवं तेच करायचा. सांध्यांवर डांबर ओतून झालं तेव्हा नाव तयार होती. बारा फूट लांब, सहा फूट रुंद, दोन फूट उंच. दिसायला अगदी गुरांच्या गव्हाणीसारखी.

“आता सांग,” आत्याबाई मला म्हणाल्या. “गिरणी ठेवल्यावर किती बुडंल?”

त्यांनी असं विचारलं, जसं भाजीत मीठ किती घालू असं विचारतात. पण तो प्रश्न माझ्याही डोक्यात होताच. मिस्त्री म्हणाला होता, पत्रा साडेतीनशे किलो तरी असेल. गिरणी आणि इंजिन मिळून आठशे, असं ट्रकवाल्याने सांगितलं होतं. वर सहा माणसं, त्यांचे साडेतीनशे धरले. झाले दीड हजार. नाव आपल्या वजनाएवढं पाणी बाजूला सारते, आणि एक घनफूट पाणी अठ्ठावीस किलोंच्या थोडं वर भरतं. म्हणजे त्रेपन्न घनफूट पाणी सारावं लागेल. बूड बारा गुणिले सहा, बहात्तर चौरस फूट. आता या वेळी क्ष म्हणजे खोली. बहात्तर क्ष बरोबर त्रेपन्न.

“पाऊण फुटाच्या आत,” मी म्हणाले. “नऊ इंचांना जरा कमी.”

“रेघ मार.”

मी पाण्यात काव कालवली आणि नावेच्या चारी बाजूंना, बुडापासून नऊ इंचांवर, तांबडी रेघ ओढली. गावाने ती बघून घेतली. ही रेघ बुडली तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. तशी मला जागा लागणारही नव्हती म्हणा. शिमगा चार दिवसांवर आला होता.

नाव पाण्यात ढकलली तेव्हा ती इतकी वर तरंगली, की पोरं टाळ्या पिटायला लागली. नानांची आणि त्यांच्या पुतण्याची अशा दोन होड्यांनी तिला दोर लावून ओढत पलीकडे नेली. आत्याबाई नावेतच बसल्या. “माझी गिरणी हाय. मी आणायला जाणार,” म्हणाल्या. मग मलाही बसावं लागलं.

बंदरावर लाकडाचे ओंडके टाकून, त्यावरून सरकवत, शिव्या देत आणि देवाचं नाव घेत गिरणी नावेत आली. हॉटेलवाल्याने आपली कोंबडी उचलून नेली. नाव खाली गेली, आणखी खाली गेली. मी काठावर पोटावर पडून रेघेकडे बघत होते. एका अंगाला पाणी रेघेच्या वर चढलं होतं.

मी उठून वाकून पलीकडची बाजू बघितली. पण दुसऱ्या अंगाला रेघ पाण्याच्या चांगली वर होती.

“वजन एकीकडं आलंय,” नाना होडीतून ओरडले. “इंजिन मधी घ्या, मधी!”

मिस्त्रीने पहार लावली. सगळ्यांनी रेटा दिला. इंजिन करकरत वीतभर सरकलं. नाव सरळ झाली आणि पाणी चारी बाजूंना एका पातळीत आलं. माणसं चढली. तांबड्या रेघेच्या जेमतेम खाली, बोटभरही अंतर नाही, पाणी येऊन थांबलं. कुणीतरी हलकेच आणून ठेवावं तसं.

मी तो ओला पत्रा हाताने चाचपून बघितला. इथे आपण क्ष लिहिला होता, आणि तो खरोखरच इथे होता.

मिस्त्रीने डोक्याची टोपी काढून मला दाखवली आणि पुन्हा घातली.

निघालो. दोन होड्या पुढे, दोर ताणलेले, मागे आम्ही. आत्याबाई गिरणीच्या चाकाला टेकून बसल्या होत्या, शेजारी मी. मिस्त्री आणि तिघे जण चार कोपऱ्यांत बांबू धरून उभे. पाण्याच्या मध्यावर आलो तसा वारा सुटला. लाटा लोखंडावर आपटून थाडथाड वाजायला लागल्या. तुषार तोंडावर आले, पण पाणी आत आलं नाही.

“एक फुटाची भिंत असती तर आता बादलीनं उपसत बसलो असतो,” मिस्त्री स्वतःशीच म्हणाला आणि हसला.

“घाबरू नका,” मी आत्याबाईंना म्हणाले.

“मी कशाला घाबरू? तू रेघ मारलीयास की.” त्या समोर बघत होत्या. थोड्या वेळाने तशाच समोर बघत म्हणाल्या, “माला, तुजी पेटी भरून झाली.”

मी त्यांच्याकडे वळले.

“शिमग्याला भाऊ आला की जाणार, आन् परत येणार न्हाईस. व्हय का न्हाय?”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कोण सांगणार? कालेजची पुस्तकं पेटीच्या तळाला हुती. आता वर आल्यात, लुगडी तळाला गेल्यात.”

लाट आपटली. मी पदर तोंडावर धरला, तुषारांसाठी म्हणून.

“मी काय रागावली न्हाय,” त्या म्हणाल्या. “आगं, ही गिरणी मी कुणासाठी मागितली? माजं हात जात्याला लागून लागून लाकडं झाल्यात. मला काय फरक पडतोय? पोराचं लगीन ठरवायच्या आधीपासनं मी मंडळाच्या मागं हुते. म्हटलं, शिकल्याली सून बघायची तर तिला पहाटं उठवून जात्याला कशाला जुंपायची? तेवढ्या वेळात पुस्तक तरी धरंल. पण मुंबईची माणसं. तू आधी आलीस, गिरणी मागनं आली.”

“मला कधी बोलला नाहीत.”

“काय बोलू? गिरणी न्हवती, बोलून काय उपेग?” त्यांनी गिरणीच्या चाकावर थोपटलं. “आता हाय. जूनला कालेज उघडतंय न्हवं? जा. पुरं कर. पण पळून गेल्यावानी जाऊ नको, सांगून जा. सुट्टीला ये. मला लाटा मोजायला शिकव.”

“आणि हे? हे काय म्हणतील?”

“त्यो? त्यो मला भितो.”

मला हसू आणि रडू एकदमच आलं आणि थांबवता थांबेना. मिस्त्री मागे वळून बघायला लागला.

“वहिनी, रडू नगा!” तो ओरडला. “तेवढं पाणी हिशोबात धरल्यालं न्हाय!”

नावेत सगळे हसले. नाना होडीतून ओरडून विचारायला लागले काय झालं, आणि कुणीच त्यांना सांगेना, म्हणून त्यांनी चिडून वल्हं असं काही मारलं, की आमचा दोर ताडकन ताणला गेला आणि आत्याबाई गिरणीसकट पुढे झुकल्या.

सावरटेकच्या काठावर अख्खं गाव उभं होतं. गिरणी उतरली. खोली बांधून होईपर्यंत थांबायला कुणाची तयारी नव्हती. मिस्त्रीने तिथेच, आंब्याखाली, इंजिन दगडांवर बसवलं, डिझेल ओतलं आणि हँडल मारलं. चारदा मारलं, नुसता धूर. पाचव्यांदा ते खोकललं आणि टुक टुक टुक करत सुरू झालं. डोंगरातून आवाज परत आला. कुत्री पळाली. मग एकेक बाई घरात गेली आणि हातात लागेल ते घेऊन आली. कुणी नाचणी, कुणी तांदूळ, कुणी उडीद. पहिलं पीठ बाहेर पडलं ते गरम होतं आणि त्यात थोडं गंजाचं तांबडं होतं, तरी बायकांनी ते मुठीत घेऊन एकमेकींच्या तोंडाला फासलं. शिमग्याच्या आधीच आमचा शिमगा झाला. आत्याबाई भुतासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या.

भाऊ आला तेव्हा मी त्याला सांगितलं, आत्ता नाही, जूनमध्ये ये. तो बिचारा गोंधळला. त्याला मी आधी काही वेगळंच कळवलं होतं. आत्याबाईंनी त्याला ताज्या पिठाच्या भाकरी इतक्या वाढल्या, की त्याला विचारायचं सुचलं नाही.

जूनमध्ये मी साताऱ्याला गेले. हे मुंबईहून मला तिथे भेटायला यायचे, आणि खरं सांगायचं तर आमची ओळख तिथेच झाली, बसस्टँडमागच्या एका हॉटेलात, चहा पिता पिता. मी बी.एस्सी. झाले, मग बी.एड. झाले, आणि खोऱ्यात हायस्कूल निघालं तेव्हा त्यात गणित शिकवायला लागले. चोवीस वर्षं शिकवलं. नाव पुष्कळ वर्षं चालली. तिने शाळेचे बाक आणले, एक बैल आणला, दोन वऱ्हाडं आणली आणि एकदा तर आजारी म्हैसही नेली, तिने मध्येच उभं राहून सगळ्यांचा जीव काढला.

बी.एस्सी.चा निकाल लागला त्या दिवशी मी लाँचने सावरटेकला आले. आत्याबाई काठावर धुणं धूत होत्या. मी लाँचमधूनच ओरडले, “पास झाले! पहिला वर्ग!”

त्यांनी पिळलेलं लुगडं दगडावर ठेवलं, हात पुसले आणि मी जवळ येईपर्यंत थांबल्या.

“मग आता समदं शिकून झालं?”

“नाही हो, आत्याबाई. अजून पुष्कळ आहे.”

“आसू दे, आसू दे,” त्या माझी पिशवी हातातून घेत म्हणाल्या. “थोडं राहू दे मागं. पोरांस्नी काय उरंल?”